शेत मक्त्याने दिल्यावर साधना वाढेल का?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला शेतकरी, वय ४८. नऊ एकर बागायत आहे, केळी आणि कपाशी. घरात वारकरी परंपरा, गळ्यात माळ आहे. तीन वर्षांपूर्वी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊन आलो. तेव्हापासून पहाटे चार ते सहा बैठक आणि संध्याकाळी हरिपाठ, असा नेम आहे. सुरुवातीला फार शांत वाटायचं. गेलं वर्षभर मात्र बसलो की काहीच होत नाही. नाम चालतं, पण रस नाही. आत नुसतं रिकामं वाटतं. ही साधनेतली शून्य अवस्था आहे की मी कुठे चुकतोय, तेच कळत नाही. दिवसभर मजुरांच्या मागे, लाईटच्या मागे, व्यापाऱ्याच्या मागे. चिंतनाला वेळ उरत नाही म्हणून कानात कीर्तन लावून फिरतो. आता वाटतं, येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, सोडावा, शेत मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या पैशांवर दुसऱ्याला कसायला, द्यावं आणि पूर्ण वेळ साधनेला लागावं. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. बायको म्हणते, "तुमना देव तुमनाजोडे, मन्ही गाय मन्हाजोडे." (तुमचा देव तुमच्यापाशी, माझी गाय माझ्यापाशी.) मार्ग सांगा.

उत्तर :

भाऊ, तुमचं पत्र वाचताना मी वहिनींच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. मला त्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसलं. पहाटे चार ते सहा तुम्ही देवघरात डोळे मिटून बसता, तेव्हा वहिनी गोठ्यात असतात. शेण ओढतात, वैरण टाकतात, धार काढतात. तुमची शांतता त्यांच्या हातांवर उभी आहे. तुम्हाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. पण साधनेला बसणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतःला विचारावं, की मी बसलेलो असताना माझ्या वाटचं काम कोण करतंय? शेत मक्त्याने देण्याचा विचार याच प्रश्नापाशी येऊन अडतो. दुसरी गोष्ट, दोन तासांच्या बैठकीत आज रस उरलेला नाही, तर सहा तासांच्या बैठकीत तो कुठून येणार?

आता त्या रिकामपणाचं. सगळ्यात आधी देहाचं विचारते. झोप नीट लागते का? जेवणाला चव आहे का? केळीला भाव आला, नातवंड घरी आलं, तरी आनंद वाटत नाही, असं होतंय का? जगून काय करायचं, असं मनात येतं का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुम्हाला स्वतःशी अडखळत द्यावं लागलं, तर त्याला साधनेतली अवस्था म्हणून गोंजारत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर फिरवला की मराठीतून बोलता येतं. मनाच्या आजाराला अध्यात्माचं नाव दिलं की तो वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो, आणि हे आपल्याकडे फार होतं. तुमच्या पत्राच्या सुरावरून तुमचं तसं नसावं असं मला वाटतं, पण पत्रावरून नाडी बघता येत नाही.

देहाचं ठीक असेल, तर पुढे वाचा.

तुमच्याच जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. तिथली कथा तुम्ही कीर्तनात अनेकदा ऐकली असेल. ज्ञानेश्वरांची कीर्ती चांगदेवांच्या कानावर गेली, पत्र लिहायला घेतलं, पण मायना काय घालावा तेच सुचेना. वयाने पाहावं तर 'चिरंजीव', ज्ञानाने पाहावं तर 'तीर्थरूप'. शेवटी कागद कोराच पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. कीर्तनात इथे हशा होतो आणि कथा पुढे सरकते. मला मात्र वाटतं, तुमच्यासाठी कथेतला हाच भाग सर्वात महत्त्वाचा आहे. तो कागद कोरा का राहिला? आपण मोठे की लहान, हे चांगदेवांना ठरवता आलं नाही म्हणून. त्या कागदावर अक्षर एक नव्हतं, पण 'मी कोण लागतो' हा एकच विचार त्यावर कडेपर्यंत पसरलेला होता. अठरा वर्षांचीही न झालेल्या मुलीने तो एका नजरेत वाचला.

तुम्ही विचारता, ही शून्य अवस्था की मी चुकतोय? भाऊ, हाही मायन्याचाच प्रश्न आहे. बैठकीत बसल्यावर आपली पायरी मोजणं चालू असतं. मागच्या वर्षी शांत वाटत होतं, आता वाटत नाही, म्हणजे पुढे गेलो की मागे आलो? हा हिशेब चालू असेपर्यंत आत रिकामं काहीच नसतं. आत 'मी' बसलेला असतो, आणि त्याला काही मिळत नाही म्हणून तो कंटाळलेला असतो. तुमच्या पत्रातलं रिकामपण मला बहुतेक असं वाटतं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. मिरवण्यासारखंही काही नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. तुमच्या दिवसात रिकामी जागा कुठे आहे? पहाटे नाम, उठल्यावर कानात कीर्तन, बांधावर फोनवर मजूर, दुपारी केळीच्या नवतीचा (नव्या लागवडीचा) आणि पिलबागेचा (खोडव्याचा) भाव, गटांमधले निरोप, संध्याकाळी हरिपाठ, झोपताना पुन्हा एखादं प्रवचन. यातलं वाईट काहीच नाही. पण दिवसभर तोंड चालू ठेवणाऱ्या माणसाला ताटावर बसल्यावर भूक नसते, आणि तो म्हणतो स्वयंपाकाला चव नाही. चिंतनाला वेळ मिळत नाही म्हणून तुम्ही कानात कीर्तन लावता. पण कीर्तन ऐकणं म्हणजे दुसऱ्याचं चिंतन ऐकणं. स्वतःचं चिंतन व्हायला ऐकलेल्याला मनात मुरायला सवड लागते, आणि ती सवडच तुम्ही भरून टाकलीत.

तिसरं सांगते, ते कदाचित तुम्हाला पटायला वेळ लागेल. तुम्हाला वाटतं कामाने तुमची साधना खाल्ली. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, त्यात हाताचं काम मला फारसं दिसलंच नाही. मजुरांच्या मागे, लाईटच्या मागे, व्यापाऱ्याच्या मागे, हे सगळं मागे लागणं आहे. कापणीच्या गाडीची वाट पाहणं, वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा पीक घ्यायला फरदड ठेवायची की कपाशी उपटायची याचा घोर, ठिबकचा व्हॉल्व्ह कोणी उघडा ठेवला त्याची चिडचिड. हा काळजीचा व्यवसाय झाला. हातांचं काम हळूहळू सालदाराकडे आणि वहिनींकडे गेलं, आणि तुमच्याकडे त्याची चिंता तेवढी उरली. शेत मक्त्याने दिलंत तर हातांना उरलंसुरलं कामही जाईल. चिंता मात्र राहील. मक्त्याचे पैसे वेळेवर येतात का, तो पाणी नीट देतो का, बांध कोरत तर नाही ना, याची.

म्हणून माझं सांगणं तुमच्या अपेक्षेच्या उलट आहे. आखाजीला अजून चार-पाच महिने आहेत. तोवर मक्त्याचा विषय बाजूला ठेवा आणि स्वतःचे हात शेतात परत घाला.

सध्या कपाशीची दुसरी-तिसरी वेचणी चालू असेल. रोज सकाळी तासभर बायांच्या शेजारी एक पात धरा. फोन घरी ठेवा. मालक म्हणून मागे उभं राहायचं नाही, ओटी बांधून वेचायचं. सकाळच्या गारव्यात वाळली पानं मऊ असतात, चुरा कमी लागतो, म्हणून सकाळच. फुटलेल्या बोंडात बोटं मुळापर्यंत घालून, किंचित फिरवून, एका ओढीत सगळा कापूस बाहेर आला पाहिजे. घाई केली की अर्धा आत राहतो. जोर केला की पानाचा चुरा सोबत येतो. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचतात, तेव्हा मन कुठेही गेलेलं असलं तरी परत बोटांवर येतं. किडकं बोंड आलं की कवडी (त्यातला डागी कापूस) वेगळी टाकायची, ओटीत मिसळायची नाही. बाया हे बोलत-हसत करतात, दोन्ही हातांनी, आणि तरी त्यांची कवडी कापसात जात नाही. त्यांच्या हातांकडे नीट पाहा. लक्ष एका जागी ठेवायचं म्हणून तुम्ही शिबिरात श्वास पाहायला शिकलात. इथे श्वासाऐवजी बोंड आहे, एवढाच फरक आहे.

मनात नाम आलं तर येऊ द्या, नाही आलं तर ओढून आणू नका. माळ काढायला किंवा नेम मोडायला मी सांगत नाही. फक्त काम करताना कानात काही नको. गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. तेरचा हा कुंभार नामात इतका रंगला की पायाखाली चिखलासोबत स्वतःचं लेकरू तुडवलं गेलं. कथेत विठ्ठलाने लेकरू परत दिलं. पण त्या आईने आधी टाहो फोडला होता, तो आपण विसरू नये. फवारणीचा पंप पाठीवर असताना, ट्रॅक्टरवर, विजेच्या पेटीपाशी, चित्त दुसरीकडे नेणारं कीर्तन हा धोका आहे. हातातल्या कामावर लक्ष ठेवण्याने देवाचा अपमान होत नाही.

हा विचार आपल्या खानदेशाला परका नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेचा एकेक अध्याय सोबतच्या कैद्यांना समजावून सांगितला. साने गुरुजी तिथेच होते, त्यांनी ते उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. त्यात चौथ्या-पाचव्या अध्यायाशी विनोबा जे सांगतात, ते तुम्ही सवडीने वाचा. त्याचा गाभा माझ्या शब्दांत असा : बाहेर हात काम करतात ते कर्म, आणि त्या कामात आतून मन ओतणं याला ते विकर्म म्हणतात. दोन्ही एकत्र आले की कामाचं ओझं उरत नाही, केलेलं काम न केल्यासारखं हलकं होतं, ते अकर्म. मन बाहेर ठेवून केलेलं काम ओझं होतं. काम बाहेर ठेवून केलेलं ध्यान कोरडं पडतं. सूत कातणं, विणणं, माती खणणं ही कामं वर्षानुवर्षं स्वतः करणारा माणूस हे बोलत होता, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे. खरं शून्य मला या अकर्माच्या जवळचं वाटतं. ते डोळे मिटून ओढून आणता येत नाही. हात आणि मन एका जागी आल्यावर कधीतरी आपसूक येतं आणि आपल्याला नंतर कळतं.

आता वेळापत्रकाबद्दल. पहाटे चार ते सहा हा नेम आश्रमात चालतो. चोपड्यात या आठवड्यात लाईट दिवसाची, पुढच्या आठवड्यात रात्रीची. रात्री बारा वाजता पंप सुरू करायला गेलेला माणूस चारला बैठकीत बसला तर डुलक्याच काढणार, आणि मग 'रस नाही' म्हणून स्वतःला दोष देणार. नेम ऋतूप्रमाणे बदलला तर तो मोडत नाही. इटलीत सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम घालून दिले, त्यात हाताच्या श्रमाचे आणि वाचन-मननाचे तास आखून दिलेत, आणि ते तास उन्हाळ्यात वेगळे आणि हिवाळ्यात वेगळे आहेत. उन्हाळ्यात सकाळी आधी काम, मग वाचन, दुपारच्या जेवणानंतर विश्रांती. हिवाळ्यात सकाळ आधी वाचनाला. मठाची भिंत असूनही त्याने ऊन-थंडी बघून नियम केला. आपण तर उघड्या रानात राहतो. वेचणीच्या आणि कापणीच्या दिवसांत बैठक अर्ध्या तासावर आणा, मन खट्टू करू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार कोणी शेतात उभं राहत नाही, तेव्हा वाढवा.

आणि दिवसात एकदा वीस मिनिटं काहीच करायचं नाही. नाम नाही, श्वास मोजणं नाही, फोन नाही, वाचन नाही. दुपारची भाकरी झाल्यावर निंबाखाली बसा. विचार येतील, मक्त्याचा येईल, मुलाचा येईल. येऊ द्यात, त्यांना उत्तर देऊ नका. पहिले काही दिवस ही वीस मिनिटं फार लांब वाटतील, पायांना उठायची घाई होईल. तरी बसा. तुमच्या बैठकीपेक्षा मला याची गरज जास्त दिसते, कारण बैठकीत तुम्ही काहीतरी मिळवायला बसता. (रात्री पाण्याची पाळी असताना मात्र बांधावर डोळे मिटून बसू नका. सातपुड्याच्या पायथ्याला साप आहेत, बिबट्याही फिरतो. तिथे बॅटरी हातात आणि डोळे उघडे.)

आता गोठ्याकडे वळू. बैठकीच्या दोन तासांतला एक तास गोठ्याला द्या. धार काढायची सवय सुटली असेल तर वहिनींकडून शिका. गाय अनोळखी हाताला पान्हा लवकर सोडत नाही. हातात घाई असली तर तिला आचळातूनच कळते आणि ती दूध चोरते. आधी वासरू लावा, कास कोमट पाण्याने पुसा, अंगठा न दुमडता मूठ बंद-उघड करत काढा. पहिले काही दिवस दूध कमी निघेल, डेअरीच्या मापात ते दिसेल, घरात कोणी बोललं तर ऐकून घ्या. गाईपाशी उसनी शांतता चालत नाही. तुमची तीन वर्षांची बैठक किती आत गेलीय, हे तिथे आठवड्याभरात दिसेल. आणि त्या तासात वहिनींना बसू द्या. देवघरात बसोत, ओट्यावर बसोत, नाहीतर अंथरुणात पडून राहोत. त्यांनी त्या वेळात नाम घ्यावं की नाही हे तुम्ही सुचवायचं नाही.

तुम्हाला वाटेल, गोठ्यात हंबरणं, बादलीचा आवाज, यात कमावलेली शांतताही जाईल. चाळीसगावजवळच्या पाटण्याला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने तिथे मठ काढला, त्याची त्यात नोंद आहे. बाराव्या शतकातल्या या गणितज्ञाने, म्हणजे भास्कराचार्यांनी, शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलंय. तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही; सृष्टीच्या वेळी आणि प्रलयाच्या वेळी असंख्य जीव बाहेर पडतात, आत शिरतात, तरी अनंत अच्युतात काही फरक पडत नाही, तसं, असं त्यांनी बीजगणितात लिहून ठेवलं आहे. गणिताच्या पुस्तकात अच्युत आला याचं मला आजही नवल वाटतं. काम आत आलं म्हणून जी शांतता मोडते ती अजून कच्ची आहे, एवढंच त्यावरून मी घेते. कच्ची आहे म्हणून टाकायची नसते, पण तिला जपत खोलीत कोंडूनही ठेवायचं नसतं.

शेत मक्त्याने द्यायचं की नाही, हे मार्चच्या शेवटी ठरवा. मी कधीच देऊ नका म्हणत नाही. गुडघे गेले असतील, कर्ज फिटत नसेल, नऊ एकर एकट्याने झेपत नसतील तर द्या, पण मग तीच कारणं मोकळेपणाने सांगा, देवाच्या नावावर टाकू नका. सगळं न देता केळीचं क्षेत्र देऊन दोन एकर कपाशी आणि गोठा ठेवता येतो, तेही पाहा. जे कराल त्याची लेखी नोंद करा, मुदत लिहा, पाण्याच्या पाळीचं लिहा. सालदार सोडायचा असेल तर त्याला आखाजीच्या आधी नीट कळवा, कारण त्याच दिवशी त्याला दुसरीकडे जागा बघायची असते. सातबाऱ्यावर वहिनींचं नाव असो वा नसो, या निर्णयात त्यांचा शब्द तुमच्याइतकाच धरा. मुलालाही एकदा फोनवर विचारा.

एप्रिलमध्ये पुन्हा लिहा. पत्रात बैठकीचा अनुभव नसला तरी चालेल, वेचणी कशी झाली आणि गाय तुमच्या हाताला दूध देते का, ते कळवा. आणि वहिनींनी स्वतः दोन ओळी लिहिल्या, अगदी अहिराणीत लिहिल्या, तर त्या मी आधी वाचेन.